डावा, उजवा

एम. जी. रोडवर तिसऱ्या दुकानात
हेमराजने काचेवर सहा डब्या मांडल्या.
आठशे नव्याण्णव, बाराशे, पंधराशे पन्नास.
"काका, याचा बेस बघा. याला घामाचं काही होत नाही.
आणि हा तर बाहेरचा आवाज बंदच करून टाकतो."

बाहेरचा आवाज बंद करायला
मला बावीस वर्षं लागली, सातपूरला,
पॉवर प्रेस डाव्या हाताला ठेवून.
त्या बाजूला आता भिंत आहे.

विचारलं, नुसता उजवा मिळेल का, निम्म्यात?
तो हसला. मग माझ्याकडे नीट बघितलं
आणि हसू अर्ध्यावर ठेवून म्हणाला,
"जोडीच येते, काका,"
चपलांच्या दुकानात म्हणतात तसं.

आठशे नव्याण्णवचाच घेतला.
पन्नास त्याने आपणहून सोडले.

त्र्यंबक नाक्यापर्यंत चालत आलो.
तनुजाचा फोन उजव्यात घेतला.
आज डब्यात काय होतं ते ती सांगत होती, पुण्याहून.
मागे कुणीतरी भांडी घासत होतं, तेही ऐकू आलं.
तिच्याकडचा नळ नीट बंद होत नाही,
हे ती कधी बोलली नव्हती.

रात्री दोन्ही डबीत ठेवतो.
उजवा दमून येतो, बारा टक्के, नऊ टक्के.
डावा रोज शंभर.

कधीतरी त्यालाही घालतो कानात थोडा वेळ,
उगाच.
गार लागतो.