एक्केचाळीस नंबर

मंगळवारी काचा पुसायचं काम माझ्याकडे.
आधी मातीचे मणी, मग शिशाची नाणी,
मग हे. चांदी, रोमन,
तीन ग्रॅम सहाशे मिलिग्रॅम.
वडगावाकडं कुणाच्याशा मळ्यात
पाइपलाइनीची चर खणताना निघालं म्हणतात,
बोळक्यातून.

कुणी राजा आहे. नाक सरळ, मान जाड,
डोक्याला पानांची माळ,
बाशिंग सुटून तेवढीच उरल्यासारखी.
आणि कानापासून ओठापर्यंत
गालावर एक आडवा घाव.

पाटीवर वर कन्नड, खाली इंग्रजी.
दोन्हीत तेच: खराब झालेलं.

खराब?
माझे वडील शहापुरात पन्नास वर्षं चांदी जोखत बसले.
अनोळखी कुणी पैंजण घेऊन आलं
की आधी पाणी द्यायचे,
मग कानस.
आतल्या बाजूला, दिसणार नाही तिथं, एक ओढ.
ओरखड्याला डोळा लावून बघायचे
आत तांबं लपलंय का.
माणूस चिडला तर म्हणायचे,
तुझ्यावर नाही बा, चांदीवर संशय.

तर हा घाव मी ओळखते.
कुणीतरी इथंच उकिडवं बसून
राजाच्या गालावर छिन्नी ठेवली
आणि एकच टोला दिला.
राजा कुठला, विचारलं नसणार.
कडेची अक्षरं वाचली नसणार,
मला तरी कुठं येतात.
आत पांढरंच निघालं तेव्हा
मिऱ्याचं पोतं तराजूत चढलं असेल,
किंवा सुताचं ठाण,
किंवा त्यानं नुसतंच हुं करून
नाणं कनवटीला लावलं असेल.

"काय बघूलालीस गे एवढं?"
गंगव्वा झाडू टेकवून उभी.
तिला दाखवलं, सांगितलं.
"मला पण असंच बघितलं की सासरी,
पहिल्याच दिवशी,
शंभर भाकऱ्या थापायला लावून."

होसमनी सर चष्मा कपाळावर सारून
बराच वेळ वाकून राहिले.
पाटी बदलायला वरून मंजुरी लागते, म्हणाले.
मग हळूच,
"तुमच्या सोनारांत ह्याला काय शब्द?"

कस, मी म्हटलं. कस लावला.

सर गप्प झाले. गंगव्वा मात्र
खो खो हसत सुटली,
सुपलीतला केर माझ्यापुढं धरून:
"कस? आमच्यात ह्याला म्हणतात कस!
रोज दोन वेळा काढते मी."

पाटी अजून तीच आहे.
मंगळवारी काचेवर श्वास सोडते,
राजा धुक्यात जातो,
फडक्याखालून पहिल्यांदा घावच परत येतो.