दार पलीकडे नेताना

संपादकबाईंनी पुन्हा कळवलंय: गोष्ट चांगली आहे,
पण नऊशे शब्दांत बसवा.
मी चुलीत ओलं लाकूड सारतो. ते फुसफुसतं,
आणि मला एलिओदोरोमामा आठवतो.

मामा तिकिटं फाडायचा,
चिलोएच्या एका खाडीत, लोखंडी फेरीबोटीवर.
पलीकडचा धक्का अर्ध्या तासावर,
म्हणून मामाची गोष्ट अर्ध्या तासाची.
भरती अंगावर आली तर चाळीस मिनिटांची;
तेव्हा तिच्यात एखादी जाऊबाई जास्तीची यायची,
एखादं मेंढरू हरवायचं,
आणि धक्का दिसू लागला की सापडायचं.

गोष्ट तशी एकच.
रोसामेल नावाचा माणूस दार घेऊन बोटीवर चढतो.
नुसतं दार. आलेर्से लाकडाचं, कडीसकट.
पलीकडे घर बांधणार म्हणतो,
सुरुवात दारापासून.

धुकं उतरलं की कप्तान इंजिन बंद करायचा.
बटाट्यांची पोती, शाळेतल्या बाई,
टोपलीतल्या कोंबड्या, कास्त्रोची बस,
सगळं पाण्यावर एका जागी.
मग मामा ते दार डेकवर उभं करायचा, नुसत्या शब्दांनी,
आणि माणसं एकेक करून ठोठवायची.
कुणाचा मुलगा उत्तरेच्या खाणीत गेलेला,
कुणाची होडी, कुणाची बहीण,
कुणी नुसतंच, आत कोण आहे बघायला.
दोन तास. कधी तीन.
येर्बाच्या चहाचा भोपळा हातोहात फिरायचा,
त्याच्या मागून ‘हं’ फिरायचा.
पाल्हाळ लावलंस, असं कुणी म्हणालं नाही.
जायचं कुठे होतं?

आणि एकदा (मी नऊ वर्षांचा)
वारा पाठीशी, बोट सुसाट,
मामानं घसा खाकरला तोच भोंगा वाजला.
तिकिटांचा गठ्ठा खिशात कोंबत तो म्हणाला:
‘एक माणूस दार घेऊन पलीकडे गेला.
घर नव्हतंच.’
आणि दोर फेकायला निघून गेला.

मला त्या रात्री झोप आली नाही.

मोठा झाल्यावर त्या दारावर मी कादंबरी लिहिली,
चारशे बारा पानं.
क्लोरिंदामामीनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली,
मग टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवली.
म्हणाली, छान आहे रे,
पण ह्यात धुकं कुठंय?
नुसती पानंच आहेत.

तेव्हापासून मी कापत आलोय.
साठांचं पाचांत आणायला शिकलो,
मेंढरू काढलं, जाऊबाई काढली,
कडी मात्र राहू देतो दर वेळी,
का ते सांगता येत नाही.

आता आमच्या बेटाला पूल झालाय. तीन मिनिटं.
परवा बसमध्ये शेजारी एक मुलगी, दात पडलेली,
खिडकीला नाक लावून.
मी म्हटलं, एक माणूस होता, त्याच्याकडे एक दार होतं.
ती वळली. म्हणाली, ‘मग?’
तेवढ्यात बस थांबली, आईनं तिला हाताला धरून उठवलं.
उतरेपर्यंत ती मान मागे वळवून
माझ्या तोंडाकडे बघत होती.

बाई, नऊशे होतील. रात्री बसून करतो.
कडीही काढेन, अगदीच नडली तर.
एवढंच विचारायचं होतं:
तुमच्याकडे सान्तियागोत
आज धुकं आहे का?