दुसरा कागद

फ्लोरेन्सच्या कोर्टात, ऑगस्टमध्ये,
आठ जणांच्या खोलीत एसी खोकत होता.
लॉरेटा हॅनेमन, ज्युरी क्रमांक पाच,
एकवीस वर्षं हार्डवेअरच्या काउंटरला.
चाकाचे पान्हे किती विकले असतील तिनं,
चौदा डॉलर, बिल देऊ का, जपून जा.

पुराव्यातला पान्हा प्लास्टिकच्या पिशवीत होता.
हातात आला तसा
तिनं सवयीनं आधी उलटा करून
किमतीचं स्टिकर शोधलं.

अर्नुल्फो सेस्मानं तो उगारला होता,
लाँड्रीच्या मागे, मेहुण्यावर,
बहिणीच्या गाडीच्या चाव्यांवरून.
मारला नाही. उगारला.
हात वर, मग हात खाली,
सगळं मिळून चार सेकंद.
कॅमेऱ्यात आवाज नव्हता.

पहिला कागद : दोषी की निर्दोष.
त्यावर दीड दिवस गेला, डोनट वाळले,
टपाल खात्यातला निवृत्त माणूस दोनदा उठून
खिडकीशी जाऊन आला.

दुसरा कागद छोटा.
गुन्हा धोकादायक स्वरूपाचा होता काय?
सिद्ध. असिद्ध. दोन रिकाम्या चौकटी.
'हे राहिलंच की,' फोरमन म्हणाला,
'उगारला म्हणजे धोका आलाच ना?'
आलाच, म्हणाले सगळे. लॉरेटाही.
कॉफी गार व्हायच्या आत झालं.

शिक्षा तुम्ही मनात आणायची नाही,
न्यायाधीशांनी बजावलं होतं,
आणि तिला बरंच वाटलं होतं ते,
तराजू दुसऱ्याच्या हातात असला की वाटतं तसं.

पार्किंगमध्ये त्याची वकील भेटली.
चिडली नव्हती. दमली होती.
गाडीच्या तापलेल्या टपावर फाइल ठेवून म्हणाली,
ती चौकट नसती
तर प्रोबेशन मागता आलं असतं मला,
फार तर काही महिने काउंटी जेल.
आता न्यायाधीशांनाही ते देता येत नाही,
वाटलं तरी.
पाच ते पंधरा. मधला आकडा साडेसात.

साडेसात.
आमच्या भाषेत या आकड्याला शनीचं नाव आहे.
तो आपल्या चालीनं येतो, चालीनं जातो,
शनिवारी तेल वाहिलं की निदान
काही केल्यासारखं वाटतं.
इथं तो आला
कोर्टाच्या फुकट बॉलपेनातून,
आणि तेल वाहायचं कुणाला,
हे लॉरेटाला सांगणारं कुणी नाही.

सोमवारी दुकानात एक पोरगा आला.
पंक्चर झालंय म्हणाला, पान्हा घेतला.
चौदा डॉलर.
तिनं तो कागदात गुंडाळायला घेतला.
'असाच द्या हो,' म्हणाला तो,
आणि झुलवत झुलवत निघाला दाराकडे.

मागे रांग होती.
ती बघत राहिली,
त्याचा हात किती वर जातो ते.