गरम बाजू

आधी मी काहीच उघडत नाही.
गाडी चालू करायला सांगतो
आणि कान देतो.
कॉम्प्रेसरचा क्लच लागला की 'टक' होतं, एकदाच,
आणि इंजिन जरा वाकतं,
डोक्यावर हंडा ठेवल्यासारखं.
तेवढं ऐकू आलं की अर्धं काम झालं.

चुनाभट्टी, फाटकाच्या अलीकडे, ऑक्टोबरची दुपार.
तळपदे बाईंची होंडा सिटी, अकरा सालची.
एसी लावला की गरम वारा.
दोन गॅरेजवाल्यांनी दोनदा गॅस भरला होता.
पावत्या त्यांनी पर्समधून काढून बॉनेटवर ठेवल्या,
तळहाताने सरळ करत.
गॅस म्हणजे आमच्या धंद्यातला अंगारा.
काय झालंय ते कळलं नाही की लावायचा.

मुनाफने घड्याळं जोडली, निळं आणि लाल.
निळा काटा चाळिसावर, लाल दोनशेच्या जरा पुढे,
दोघे जागच्या जागी, शहाण्या पोरांसारखे.
पंखा फिरतोय. पट्टा ताणलेला.
फायरवॉलपाशी नळी धरली तर गारेगार,
तिलाही घाम सुटलेला माझ्यासारखा,
फक्त तिचा थंडीचा.
गाडीखाली पाण्याचे थेंब.

बाईंना म्हटलं, थंडी तयार होतेय.
पोचत नाहीये.

त्या काही बोलल्या नाहीत.

ग्लोव्ह बॉक्स काढला, उताणा झालो,
बॅटरी दातांत धरली.
डॅशबोर्डच्या पोटात एक झडप असते
वहीच्या पुठ्ठ्याएवढी.
इकडे वळली तर गारवा, तिकडे वळली तर हीटर.
एक बोटभर मोटर तिला फिरवते.
मोटर टकटकत होती, झडप ढिम्म.
खोलून पाहिलं तर प्लास्टिकच्या चाकाचे दात
एकाच बाजूला झिजलेले.
गरम बाजूला.

पस्तीस वर्षं झाली मला या कामात.
मुंबईत हीटर लावणारा माणूस पाहिला नाही.
जुने टॅक्सीवाले तर हीटरच्या नळ्या
आपसांत जोडून टाकायचे, नसती कटकट नको म्हणून.
मी हसलो. चाक दाखवलं.
म्हटलं, बाई, ही गाडी काय महाबळेश्वरला होती?

"ह्यांना थंडी वाजायची," त्या म्हणाल्या.
"मंगळवारी आणि शुक्रवारी. डायलिसिस झालं की.
परळपासून सायनपर्यंत.
मे महिन्यातसुद्धा काचा बंद, हीटर फुल.
मी चालवायची.
माटुंग्याला सिग्नलवर शेजारचे रिक्षावाले बघायचे…"
मग स्वतःच थांबल्या.
"रिक्षा नाही. तिथे रिक्षा कुठून येणार.
टॅक्सीवाले."

मी ते चाक फडक्याने पुसलं.
पुसण्यासारखं त्याच्यावर काही नव्हतं.

मुनाफ कुर्ल्याला जाऊन मोटर घेऊन आला,
त्यात दीड तास गेला.
बाई स्टुलावर बसून राहिल्या, चहा नको म्हणाल्या,
मग घेतला.
मोटर बसली, झडप फिरली,
जाळीतून वारा आला, असा की
मुनाफ घामेजला शर्ट धरून समोर उभाच राहिला
आणि मी त्याला हाकललं.

बाई आत बसल्या. जाळीसमोर हात धरला. मान हलवली.
मग त्यांनी बटण फिरवलं,
निळ्याकडून लालकडे, अगदी शेवटपर्यंत,
आणि त्या वाफेत तशाच बसल्या,
काच न उघडता,
मी मनात मोजले, वीसेक आकडे झाले असतील.
"हेही चालतंय," म्हणाल्या. मला नव्हे बहुधा.

बिलात मोटर लिहिली, मजुरी लिहिली.
गॅसच्या रकान्यात आडवी रेघ मारली,
जरा जोरातच.

त्या गेल्या तेव्हा वॅगनारवाला हॉर्न मारत होता.
ब्लोअर फक्त चारवर चालतो म्हणे,
एक, दोन, तीनवर मेलेला.
रेझिस्टर असणार.
बहुतेक.