सहा पाकळ्या

दारूखान्यात कुठल्याशा जहाजाच्या पोटातून निघाला,
इनासने तो वजनावर घेतला.
साडेअकरा हजार, टेम्पोचे वेगळे.
गोराईला उतरवताना मला म्हणाला,
कार्मेलीनने विचारलं तर आठ सांग.

बागेतला ट्रॅक्टर. जेमतेम माझ्या कमरेएवढा.
बॉनेट कधीकाळी लाल असावं.
टाकीत पेट्रोलऐवजी गंजाचा काढा.
मूठभर नट टाकले, वर रॉकेल ओतलं,
आणि टाकी मांडीवर घेऊन तासभर हलवत बसलो.
येणारेजाणारे विचारत, बाळ कुणाचं?

मी पालिकेच्या उद्यान खात्यात एकतीस वर्षं फिटर.
गवत कापायची यंत्रं, पाण्याचे पंप,
एकदा एक कारंजं, ते शेवटपर्यंत उलटंच उडालं.
हे असलं हाताखाली कधी आलं नव्हतं.
पुस्तक नाही, पार्ट नाही.
मग पॉइंटचा गॅप लग्नपत्रिकेच्या जाडीने धरला,
साध्या पत्रिकेच्या, सोनेरी चालत नाही.
पट्टा पिठाच्या गिरणीचा,
ऑइल सील स्कूटरचं,
मागच्या ट्यूबांत पाणी भरलं, वजन यावं म्हणून,
आणि माती उकरायचे दात
भंगारातल्या काळीपिवळीच्या कमानपाट्यांतून कापले.
चाळीस वर्षं डांबरावर धावलेलं लोखंड
मातीत उतरताना जरा बिचकलं,
मग लागलं कामाला.

दोन वस्तूंचं मात्र कोडं होतं.
एक साखळ्यांचं जाळं, टायरवर बसेल असं.
आणि एक पातं: पिवळं, पोट खपाटीला गेलेलं,
ट्रॅक्टरहून रुंद,
त्यावर चिकटवलेलं सहा पाकळ्यांचं पांढरं फूल.
मी म्हटलं, मोगरा.
इनास म्हणाला, अनंत, पाकळ्या मोज.
कार्मेलीन म्हणाली, अनंताला एवढे काटे कुठे?

साखळ्यांचं उत्तर जुलैत आपोआप मिळालं.
लाल माठाच्या वाफ्याशी चाक जागच्या जागी गरगरू लागलं,
साखळी चढवली,
आणि गडी चिखलातून वर आला,
म्हैस डबक्यातून येते तसा, घाई न करता.
पातं भिंतीलाच टेकून राहिलं.
त्याच्या पोकळीत कोंबडी अंडी घालू लागली.

बॉस्को, इनासचा धाकटा, बोटीवरून सुट्टीला आला.
पात्यापुढे उभा राहून खूप हसला.
हे फूल नाही, म्हणाला, बर्फ आहे.
तिकडे सकाळी उठून दारातला बर्फ ढकलतात.
रोज?
पडला की रोज. नाहीतर घराबाहेर पाय टाकता येत नाही.
आणि ढकलून ठेवतात कुठे?
कडेला.
इनास बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, म्हणजे आपल्यासारखंच.

ऑगस्टच्या उधाणाने किनाऱ्याचा रस्ता रेतीने बुजवला.
रेती, चपला, बाटल्या, आणि वरून
मासळीच्या फुटक्या पेट्यांचा थर्माकोल,
दाणा दाणा सुटलेला,
कुंपणापासून कुंपणापर्यंत पांढराशुभ्र.
दुधाची मोटरसायकल पलीकडेच थांबली.

कोंबडीला उठवलं. तिने शिव्या दिल्या.
पातं जोडायची एक पिन गायब होती,
तिथे मी छिन्नी ठोकली.
दोरी ओढली. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा,
मग तो खोकला, आणि धरला.

इनास बसला, पातं खाली आलं.
रेती कडेला कलंडत गेली
आणि पांढरे दाणे उसळून त्याच्या टोपीवर,
भुवयांवर, हातावरच्या केसांवर बसले.
बॉस्को ओरडला, थांब, फोटो काढतो,
तिकडे पाठवतो, म्हणतो आमच्याकडेही पडतो!
कुणी थांबलं नाही.
दूधवाला निघून गेला, हॉर्न न वाजवता.

संध्याकाळी मी ग्रीस भरला, छिन्नी काढून घेतली.
स्टिकर रेतीने घासलं होतं. तीन पाकळ्या उरल्या.
कोंबडी दोनदा येऊन पात्याभोवती फिरली,
लोखंड अजून गरम होतं.
शेवटी थर्माकोलच्या एका धड पेटीत
कार्मेलीनने तिला गवत अंथरून दिलं.
मग माझ्याकडे वळली:
खरं सांगा, कितीला पडला हा?