थोडक्यात

प्रेसनोट चार वेळा लिहिली.
पहिल्या खेपेला खरं तेच लिहिलं :
सहा गाणी, गोधडीच्या आड रेकॉर्ड केलेली,
कारण सिडकोतल्या आमच्या गल्लीत
रात्री साडेअकरापर्यंत
कुणाचा ना कुणाचा मिक्सर चालू असतो.
दुसऱ्या खेपेला मिक्सर काढला.
तिसरीत ‘नाशिकच्या कन्येची गगनभरारी’ असं लिहिलं
आणि उठून तोंड धुऊन आले.
चौथी अकरा ओळींची.
नाव, गाव, संग्रहाचं नाव ‘आवर्तन’,
तळाला माझा मोबाइल नंबर.

सातपूरच्या कंपनीत अर्धी रजा टाकली.
तीन कचेऱ्या, तीन जिने.

पहिल्या ठिकाणी विचारलं, प्रकाशन कुणाच्या हस्ते?
म्हटलं, माझ्याच.
मग यात बातमी काय?

दुसऱ्या ठिकाणी एका मुलीने माझे हेडफोन कानाला लावले.
बारा सेकंद. मी मोजले, मोजायची सवयच आहे.
तेवढ्यात द्वारकेवर ट्रक उलटल्याचा फोन आला,
ती तशीच धावली,
वायर माझ्या मोबाइलमधून निघाली
आणि गाणं त्या अख्ख्या हॉलमध्ये मोठ्याने वाजायला लागलं.
एकानेही मान वर केली नाही.
हेडफोन तिने जिन्यातून परत आणून दिले, सॉरी म्हणाली.
चांगली मुलगी.

तिसऱ्या ठिकाणी धनवटे.
त्यांनी कागद वाचला. खरंच वाचला, ओठ हलवत.
जागा झाली तर ‘थोडक्यात’मध्ये टाकतो, म्हणाले,
आणि पेनने तीन ओळी खोडल्या,
नेमक्या माझ्या आवडत्या.
जाहिरात दिलीत तर फोटोसकट,
असंही म्हणाले,
पण खिडकीकडे बघत.

नवव्या दिवशी पान पाच.
वर, गोविंदनगरात उद्या पाणी नाही.
खाली, मोतीबिंदूचं मोफत शिबिर.
मध्ये मी, तीन ओळीत :
‘ऋतुजा गांगुर्डे यांचे आवर्तन शनिवारपासून.
संपर्क’ आणि नंबर.
नाव ऋजुता आहे.
नंबर मात्र बरोबर.

सात दहाला पहिला फोन.
ताई, आवर्तन डाव्या कालव्याला ना?
मग चांदोरीहून एक, सायखेड्याहून दोन,
शेवटच्या चारीला पोचणार का,
पाळ्या कशा लावल्यात,
किती दिवस चालणार?
अडतीस मिनिटं, मी म्हणाले.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

साडेसातपर्यंत नऊ जणांची माफी मागितली,
माझ्याच गाण्यांबद्दल.
दहावे मखमलाबादचे पिंगळे,
तेहतीस वर्षं कालव्यावर पाटकरी, आता घरीच.
ते रागावले नाहीत.
गाणी होय? मग लावा की. पेपर वाचून झालाय माझा.

डाळीच्या डब्याला फोन टेकवून उभा केला,
लॅपटॉपचा आवाज वाढवला.
पहिली दोन त्यांनी खोकत ऐकली.
तिसऱ्यात तबला नाही.
त्यात एप्रिलमध्ये कालव्यावर बसून टिपलेला आवाज आहे,
लोखंडावर लोखंड, एक अडखळ,
मग पाणी.

थांबा, ते म्हणाले.
हे आमचं चौथ्या मैलाचं गेट.
आटे झिजलेत त्याचे, म्हणून दर फेऱ्याला अडकतं.
मी वर लिहून दिलं होतं, दोनदा.
कुणी बघायलासुद्धा आलं नाही.

त्या अडकण्यावरच मी सम ठेवली होती.
हे कागदावर लिहिलं होतं,
खोडलेल्या तीन ओळींत.

फोनमधून त्यांच्या नातवंडांचा कालवा,
कुणीतरी चहा ठेवल्याचा आवाज.
पुढचं लावा, ते म्हणाले.

त्रिमूर्ती चौकातून कंपनीची बस सात पन्नासला निघते.
सात त्रेपन्न झाले होते.
चौथं लावलं.