मधली तार

नारिनहून बिश्केक, सहा तास.
डोलोनच्या घाटात बर्फ, मार्श्रुत्काच्या काचेवर आतून बर्फ,
मांडीवर कोमूझ, दोन्ही हातांनी धरलेला,
लग्नघरी न्यायच्या भरल्या परातीसारखा.

परिषदेचं नाव लांबलचक.
त्यात तंत्रज्ञान तीनदा, संगीत शेवटी एकदा.
गळ्यात बिल्ला : झीपार. आडनावात एक अक्षर कमी.
पिशवीत वही, पेन, आणि एक बोटभर पेनड्राइव्ह,
त्यात म्हणे हजार सुरावटी मावतात.
मी तिच्याशेजारी कुरुतची पुरचुंडी ठेवली.

मंचावर बेकतुर. पांढरे बूट, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा.
म्हणाला, हे ऐकतं.
सूर लागला की हिरवं, चुकला की लाल,
उशीर झाला की पिवळं.
कोण येतंय वाजवायला?
आणि आम्ही तीनशे जण,
जन्मभर हाच प्रश्न वर्गाला विचारत आलेले,
एकदम आपापल्या चपला-बुटांकडे पाहू लागलो.

मी उठले.
हात दाखवून अवलक्षण.

चारच ओळी वाजवल्या. भिंतीएवढा पडदा,
त्यावर गोवर उठावा तसं लाल.
मागे कुणीतरी हसलं, वाईट नाही, सहज.
बेकतुरने माइकवर तळवा ठेवला आणि हळूच म्हणाला,
"मधली तार चढलीय, एजे."

मला?
बावीस वर्षं मी कान पिळतेय.
मुलांचे नव्हे, कोमूझचे;
आमच्याकडे खुंटीला कानच म्हणतात.

मग खाली येताना, तिसऱ्या पायरीवर, कळलं.
माझ्या वर्गात सकाळी आठला तोंडातून वाफ निघते.
कोळसा ओला, शेगडी धुमसते,
म्हणून तारा मुद्दाम चढ्या लावायच्या.
खोली तापते तशा त्या उतरत जातात
(तिघींत मधली लवकर रुसते)
आणि दुसऱ्या तासाला बरोबर येऊन बसतात.
इथे गालिचा, भिंतीतून ऊब, कोट काढून टाकलेली माणसं.
मी बोटांत वर्गातली थंडी घेऊन आले होते
आणि तीच लावली.
यंत्राचं बरोबर होतं.
हे पचवायला चहाचे दोन पेले लागले.

पिवळ्याचं मात्र अजून पचलेलं नाही.
शाळा बंद होती त्या हिवाळ्यात
एर्मेक फोनवर वाजवायचा, दर वेळी मागे.
"ताल, एर्मेक! ताल!" तीन आठवडे.
मग एके दिवशी आधी वारा ऐकू आला,
मग कुत्रं,
मग तो.
सिग्नल फक्त कबरस्तानाच्या टेकडीवर यायचा,
आणि पोरगा हातमोजे काढून तिथे बसायचा.
माझ्या वहीत त्याच्या नावापुढे तेव्हाचे शेरे आहेत.
खोडले नाहीत. राहू देत, मला दिसायला हवेत.

जेवणाच्या रांगेत मी बेकतुरला एकच विचारलं,
"नेटशिवाय चालतं का?"
आता बुटांकडे पाहायची पाळी त्याची.
"पुढच्या वर्षी," म्हणाला. मग, "बहुधा."
आणि ताटलीतला स्वतःचा बोर्सोक मला दिला.
पोरगा चांगला आहे.

शेवटच्या कागदावर चौकट होती :
आपण काय शिकलात?
खाली पाच चांदण्या, रंगवायला.
मी तीन रंगवल्या.
चौथी अर्धी करून सोडून दिली, बस सुटत होती.

सोमवारी एर्मेक दारातच उभा. उंच झालाय.
"एजे, ते यंत्र गातं का?"
"नाही. ऐकतं."
त्याने थोडा विचार केला. "कुणाचंही?"
"जवळ बसलेल्याचं."

मग आम्ही कोळसा भरला.
या वेळी आधी शेगडी तापू दिली,
अकरा मुलं, अकरा कोमूझ, कुणी तारेला हात लावायचा नाही.
फार कठीण गेलं त्यांना.
मलाही.